कॉम्प्युटरला जायचंय? अकरावीपासून एमटेकपर्यंतच्या वाटा, आणि ऑप्शन फॉर्म भरण्याची रीत

महाराष्ट्रात ‘कॉम्प्युटरला’ जाण्याच्या वाटा बऱ्याच आहेत: बारावीनंतर बीई किंवा बीटेक, दहावीनंतर डिप्लोमा आणि मग थेट दुसरं वर्ष, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए, शिवाय आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस. कुठल्याही वाटेने गेलेला माणूस पुढे सॉफ्टवेअरमध्ये काम करताना दिसतो, त्यामुळे पहिल्या नोकरीच्या हिशेबाने या वाटा तोलण्यात अर्थ नाही. कुठली वाट पुढची किती दारं उघडी ठेवते, हे पाहा. बहुतेक दारांवर दोनच गोष्टी विचारतात: गणित आणि कागदपत्रं.

अकरावीत गणित सोडू नका

बायोलॉजी ठेवायची की नाही, यावर घरात खूप चर्चा होते. गणित सोडण्याचा निर्णय मात्र ‘त्याला जमत नाही’ एवढ्यावर होऊन जातो. बारावीला गणित नसेल तर बीई संपलं. एनआयटींमधल्या एमसीएसाठी (कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी) निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यायची तर पदवीच्या विषयांत गणित किंवा स्टॅटिस्टिक्स लागतं, शिवाय पदवीला ६० टक्के. राज्याच्या एमसीएला आता गणित नसलेल्यांनाही वाट आहे, पण ब्रिज कोर्स करावा लागतो.

बायफोकलचा, म्हणजे अकरावी-बारावीतला व्यवसाय विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घ्यावा का, हाही नेहमीचा प्रश्न. हा २०० गुणांचा विषय द्वितीय भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी येतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तो लागत नाही, सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, त्याचा एकही प्रश्न नसतो. सी++ आणि डेटा स्ट्रक्चरची तोंडओळख होते, प्रॅक्टिकलचे गुण मिळतात. त्यातला ८०८५ मायक्रोप्रोसेसर मात्र पुढे कुणी विचारत नाही. कॉलेजच्या नेहमीच्या फीवर बायफोकलचे वेगळे पैसे पडणार असतील तर तेवढ्या पैशात साधा लॅपटॉप बघावा, असं आमचं मत.

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सला वेगळी ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. पहिला गट बंद झाला की मागे जाता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सुमारे २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो. बरेच जण अकरावी पूर्ण बाजूला ठेवतात आणि तिथे सोपे गुण घालवतात. निकाल पर्सेंटाइलमध्ये (परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, तो आकडा), दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत येतो. दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं तर आधी मॅथ्सचं पर्सेंटाइल पाहिलं जातं.

बोर्डाच्या गुणांचं काम पात्रतेपुरतं: पीसीएमला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गात ४०. मेरिट सीईटीवर लागतं. पण बोर्डाकडे पाठ फिरवून फक्त सीईटीमागे लागलेली आणि ४५ च्या खाली अडकलेली मुलंही दरवर्षी असतात.

कागदपत्रं: अकरावीच्या सुट्टीत

निकालानंतर सेतू केंद्रावर आणि तहसील कार्यालयात जी गर्दी उसळते, तिच्यात सापडू नका. डोमिसाइल, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला अकरावी संपताच काढून ठेवा. सगळ्यात जास्त वेळ जात पडताळणीला लागतो. अर्ज अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो, आणि त्यात वडिलांच्या व आजोबांच्या शाळेचे जुने दाखले मागतात. गावाकडच्या शाळेतून जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळवायलाच महिना-दोन महिने जातात.

नॉन क्रिमीलेअर ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं. दाखल्याचा नमुना हीदेखील नेहमीची अडचण आहे. राज्याच्या कॅपला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला, राज्याच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला लागतो. जेईईवरून जोसात (आयआयटी-एनआयटींची सामायिक प्रवेश प्रक्रिया) जायचं असेल तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, आणि तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा. एकाच दाखल्यावर दोन्हीकडे भागेल असं समजू नका.

दहावीची मार्कशीट, आधार आणि बँक खातं, तिन्हीकडे नाव अक्षरश: सारखं आहे ना, हे आजच पाहा. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असेल तर सहसा चालून जातं. पण वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं असेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो.

पैशांच्या बाजूने तीन सवलती लक्षात ठेवा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्म्या शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती मिळते. तिसरी टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना. या पाच टक्के जादा जागा असतात, त्यांचा चॉइस कोड (ऑप्शन फॉर्ममधला कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा आणि शेवटी टी हे अक्षर. यात फक्त ट्यूशन फी माफ होते. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, बस हे सगळं भरावंच लागतं. टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा बहुतेक ठिकाणी वर असतो.

ऑप्शन फॉर्म

ऑप्शन फॉर्म म्हणजे हव्या त्या कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने भरलेली यादी. दोन वर्षांचा अभ्यास इथे एका दुपारी वाया जाऊ शकतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून गेल्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांच्या कटऑफ याद्या उतरवून घ्या. यादीत प्रत्येक शाखेखाली जीओपन-एस, जीओपन-एच, एल-ओबीसी-एच असे रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी. मध्ये प्रवर्ग. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या आणि ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठी. नागपूरच्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजचा एच रकाना पाहून आशा धरली तर फसगत होते. त्याने ओ पाहायचा. खुल्या प्रवर्गातल्या मुलीने जी आणि एल दोन्ही पाहायचे.

प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात: मेरिट नंबर, आणि कंसात पर्सेंटाइल. बहुतेक जण पर्सेंटाइलच पाहतात. पण पर्सेंटाइल सीईटी दिलेल्या सगळ्यांत काढलेलं असतं, तर मेरिट नंबर प्रवेशासाठी नोंदणी केलेल्यांत. परीक्षा देणारे वाढले की तेच पर्सेंटाइल वेगळ्या मेरिट नंबरवर जातं. म्हणून तुमचा मेरिट नंबर आला की त्याचीच गेल्या वर्षीच्या नंबराशी तुलना करा. कॉम्प्युटरच्या जागा यंदा वाढल्यात का, हेही पाहा. जागा वाढल्या की कटऑफ उतरतो.

आता यादी बनवा. कॉलेज कोडातलं सुरुवातीचं शून्य सोडलं तर पहिला आकडा विभाग सांगतो: १ अमरावती, २ छत्रपती संभाजीनगर, ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. कागदावर, किंवा एक्सेलमध्ये, चॉइस कोड, शाखा, गेल्या वर्षीचा पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा मेरिट नंबर, घरापासूनचं अंतर आणि वर्षाची फी असे रकाने करा. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, तीच धरा. कॉलेजच्या माहितीपत्रकावरचा आकडा अनेकदा वेगळा असतो. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, पण ३० ते ४० विचार करून भरलेले पुरतात. त्यांतले दहा-बारा तुमच्या नंबराच्या वरचे, पंधरा-वीस आसपासचे, आणि आठ-दहा असे जिथे गेल्या वर्षी तुमच्याहून बराच मागचा नंबर लागला होता. खालचे आठ-दहा भरायचा आळस केला की शेवटच्या फेरीत हात रिकामे राहतात.

क्रम ‘मिळेल का’ या अंदाजाने लावू नका, ‘हवंय का’ यावर लावा. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायाचं काही बिघडत नाही. संगणक तुमच्या नंबराने यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा असेल तिथे थांबतो. म्हणून सीओईपी, व्हीजेटीआय, वालचंद सांगली, एसपीआयटी, पीआयसीटी यांतलं जे हवं ते नि:संकोच वर ठेवा.

२०२५-२६ पासून फेऱ्या चार झाल्या आणि ऑटो फ्रीझचा (मिळालेली जागा आपोआप पक्की होण्याचा) नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तरी तेच. फ्रीझ झालं की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर, मग प्रवेश घ्या किंवा घेऊ नका. याचा अर्थ असा, की ‘सेफ’ म्हणून घराजवळचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवलंत तर पहिल्याच फेरीत खेळ संपतो. पहिल्या सहा ओळींत फक्त अशी नावं हवीत, जी मिळाली तर दुसऱ्या दिवशी आनंदाने फी भराल. दर फेरीआधी फॉर्म बदलता येतो. दुसऱ्या फेरीआधी पहिल्या तीन ओळी आणि तिसऱ्या फेरीआधी पहिल्या सहा ओळी पुन्हा वाचायच्या, हा नेम ठेवा.

बेटरमेंट घेतलंत, म्हणजे मिळालेली जागा धरून वरच्या पर्यायाची वाट पाहिलीत, आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते. ‘दोन्हींतलं एक निवडू’ असं इथे नसतं. आणि फॉर्म नुसता सेव्ह करून भागत नाही, स्वत:च्या लॉगिनमधून कन्फर्म करावा लागतो. सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन घरी आलेल्यांचे फॉर्म कन्फर्म व्हायचे राहिलेत, किंवा भलत्याच क्रमाने कन्फर्म झालेत, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतं. कन्फर्मची प्रिंट हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहिती पुस्तिका तरी एकदा पूर्ण वाचाच.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के जागा ऑल इंडिया असतात आणि त्या जेईई मेनवर भरतात. सीईटीत घसरलात आणि जेईई बरी गेली असेल तर हा मार्ग विसरू नका. आणखी २० टक्के संस्थास्तरावरच्या जागा. तिथेही पावतीशिवाय पैसे देऊ नका. कॅपिटेशन फी घेणं राज्याच्या २०१५ च्या कायद्याने बंद आहे.

शाखेचं नाव की अभ्यासक्रम

कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी, आयओटी: नावं दरवर्षी वाढतात. ठरवायला साधी मोजपट्टी आहे. गेटच्या (एमटेकची प्रवेश परीक्षा) सीएस पेपरचा अभ्यासक्रम काढा: इंजिनिअरिंग मॅथ्स, डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, प्रोग्रामिंग व डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स. मग त्या कॉलेजच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची विषयवारी समोर ठेवून एकेका विषयावर खूण करा. दहापैकी आठ-नऊ सापडले तर शाखेचं नाव काहीही असो, चालेल. थिअरी आणि कंपायलर वगळून त्या जागी टूल शिकवणारे पेपर घातले असतील तर पुढे एमटेकच्या वेळी ती उणीव स्वत: भरून काढावी लागेल. कॉम्प्युटर आणि आयटीमध्ये हा फरक बहुतेक ठिकाणी दोन-तीन विषयांचाच असतो. चांगल्या कॉलेजचं आयटी मिळत असताना नुसत्या नावासाठी मधल्या कॉलेजचं कॉम्प्युटर घेणं आम्हाला पटत नाही.

यादीत ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, रीजनल लँग्वेज’ असं दिसलं तर ती मराठी माध्यमाची तुकडी. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली, तेव्हापासूनची. ऑप्शन भरताना हा कोड साध्या कॉम्प्युटरचा समजून भरू नका, आणि जाणीवपूर्वक भरत असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पुस्तकं आणि पेपर कुठल्या भाषेत असतात हे तिथल्याच मुलांना विचारून घ्या.

डिप्लोमा आणि डीएसई

दहावीनंतर एमएसबीटीईचा (राज्य तंत्रशिक्षण मंडळ) तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजेच डीएसई. सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट. ज्याला हाताने काम करून समजतं आणि ज्याच्या घरी क्लासची दोन-अडीच लाखांची फी परवडत नाही, त्याला ही वाट चांगली. मात्र नामांकित कॉलेजांत कॉम्प्युटरच्या डीएसई जागा मोजक्या असतात आणि नव्वदीच्या बऱ्याच वर टक्के लागतात.

यात हमखास अडतं ते गणित. डिप्लोमात गणिताचे पेपर पहिल्या वर्षातच संपतात. त्यानंतर दोन वर्षं इंटिग्रेशनला हात लागलेला नसतो, आणि डीएसईने थेट दुसऱ्या वर्षात बसलं की समोर डिफरन्शियल इक्वेशन्स, ट्रान्सफॉर्म्स आणि डिस्क्रीट मॅथ्स येतं. डीएसईच्या मुलांची पहिली केटी (राहिलेला विषय) बहुतेक वेळा इथेच लागते. उपाय सरळ आहे: डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत प्रथम वर्ष इंजिनिअरिंगच्या दोन्ही गणितांतले डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स आणि पहिल्या ऑर्डरच्या डिफरन्शियल इक्वेशन्स एवढे धडे रोज दोन तास सोडवा. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर कॉलेज सुरू होऊन महिना झाल्यावर वर्गात बसावं लागतं, तेव्हा हे आधी केलेलं कामाला येतं.

बीएस्सी, बीसीए आणि एमसीए

पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्समध्ये पूर्वापार गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स सोबत असतात. पाया घडवायला हा अभ्यासक्रम अनेक मधल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपेक्षा सरस आहे, आणि फी इंजिनिअरिंगच्या मानाने बरीच कमी. बीसीएला कुठल्याही शाखेची बारावी चालते. २०२४ पासून बीसीए, बीबीए वगैरे एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांची वेगळी सीईटी सुरू झाली. सीईटी टाळायला काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. अशा वर्गात बसण्याआधी पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार, हे लेखी विचारा.

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांनी एमसीएला जायचं? नोकरी हवी असेल तर एमसीए. २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचं झालंय, म्हणजे एकूण पाच वर्षं. संशोधनाकडे जायचं असेल, किंवा परदेशात चार वर्षांची पदवी मागत असतील, तर ऑनर्स.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस जेईईशिवाय मिळते. चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग क्वालिफायर परीक्षा, अशी तिची चाळणी. पायऱ्या क्रेडिटच्या: फाउंडेशन ३२, डिप्लोमापर्यंत ८६, बीएस्सी ११४, बीएस १४२. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. बीएस्सी किंवा बीकॉमसोबत करणारे बरेच आहेत, पण आठवड्याला एका विषयाला आठ-दहा तास निघत नसतील तर एका टर्मला चार विषय घेऊ नका, दोनच घ्या.

पदवीनंतर

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते: ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, स्कोअर तीन वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षी एकदा दिली तर चौथ्या वर्षीच्या परीक्षेचा अंदाज येतो. सीएसखेरीज २०२४ पासून डेटा सायन्स-एआयचा डीए पेपरही आहे. एमटेकला महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो.

सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा पीजी-डॅक हा डिप्लोमा सहा महिन्यांचा, वर्षातून दोनदा. त्याची प्रवेश परीक्षा सी-कॅट; तिच्यात प्रत्येक सेक्शनला ५० प्रश्न, बरोबरला ३ आणि चुकीला उणे १. डॅकसाठी ए आणि बी सेक्शन पुरतात. सी सेक्शन एम्बेडेड आणि व्हीएलएसआयवाल्यांसाठी. इथे सीईटीची सवय नडते: न येणारा प्रश्न अंदाजाने ठोकला की गुण कापले जातात.

जर्मनीला मास्टर्ससाठी जायचं तर नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं. अर्ज नाकारले जातात ते बहुधा गुणांमुळे नाही, तर गणित आणि थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सचे क्रेडिट कमी पडल्यामुळे. विद्यापीठ प्रत्येक विषयाचा तपशील मागतं, म्हणून दर सेमिस्टरला त्या वर्षीच्या पॅटर्नची सिलॅबस पीडीएफ उतरवून ठेवा. पॅटर्न बदलला की जुनी पीडीएफ संकेतस्थळावरून नाहीशी होते, आणि पास झाल्यावर ती विभागप्रमुखांकडून शिक्का मारून मिळवायला कॉलेजच्या चकरा माराव्या लागतात.